खेळाडूचा प्रशिक्षक होतो तेव्हा

(द्वितीय वर्ष कला)

ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या आपल्या पट्ट्यात क्रिकेटला जे मानाचे पान मिळते ते व्हॉलीबॉलला कधी मिळाले नाही. तरीही हा खेळ येथे तग धरून आहे. त्याला जागा थोडी लागते आणि पैसा त्याहून थोडा लागतो. दोन खांब, एक जाळे, एक चेंडू आणि फक्कीच्या रेघा एवढ्या सामग्रीवर बारा जणांचा खेळ उभा राहतो. १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद अशी मोकळी जमीनसुद्धा आता आपल्याकडे दुर्मिळ होत चालली आहे हे खरे. परंतु शाळेच्या अंगणात किंवा दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत संध्याकाळी बांधलेले जाळे अजून दृष्टीस पडते.

खेळाडूंविषयी पुष्कळ लिहिले जाते. कोणी किती गुण मिळविले, कोणाचा फटका किती जोरात बसला, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. बाकावर बसून टाचणवहीत काहीतरी लिहिणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखात मी त्या माणसाचा विचार करणार आहे. विशेषतः जो आधी महाविद्यालयाच्या संघातून खेळला आणि पुढे मुख्य प्रशिक्षक झाला अशा माणसाचा.

हा विषय मला सुचला तो माझ्या वडिलांच्या एका प्रश्नावरून. ते कल्याणला रिक्षा चालवितात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मी व्हॉलीबॉल खेळते ह्याला त्यांचा कधी विरोध नव्हता. पण एकदा त्यांनी विचारले, “खेळ तर दोन-चार वर्षांचा गं. तो संपला की माणूस करतो काय?” प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. त्याला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी जे वाचले व विचार केला तोच येथे मांडते.

शिक्षकांनी जन्मास घातलेला खेळ

व्हॉलीबॉलचा उगमच मुळी एका व्यायामशिक्षकाच्या गरजेतून झाला. १८९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होलिओक ह्या गावी विल्यम मॉर्गन हे वाय. एम. सी. ए. संस्थेत व्यायामाचे वर्ग घेत असत. त्यांच्या वर्गात मध्यमवयीन व्यापारी मंडळी येत. बास्केटबॉलची धक्काबुक्की त्यांना झेपेना. तेव्हा मध्ये जाळे टाकून दोन्ही पक्षांना वेगळे करणारा खेळ मॉर्गन ह्यांनी रचला. त्याचे पहिले नाव ‘मिंटोनेट’ असे होते; ‘व्हॉलीबॉल’ हे नाव पुढच्याच वर्षी रूढ झाले. भारतातही हा खेळ त्याच संस्थेच्या व्यायामशिक्षकांनी आणला. १९२० साली हॅरी बक ह्यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले व तेथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. म्हणजे आपल्याकडे आधी शिक्षक आला आणि त्याच्या मागून खेळ आला. आज मात्र हा क्रम उलटला आहे. खेळाडू पुष्कळ दिसतात, शिकविणारा शोधावा लागतो.

हा खेळ १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाला. आशियाई स्पर्धांत आपल्या पुरुष संघाने १९५८ साली कांस्य, १९६२ साली रौप्य व १९८६ साली पुन्हा कांस्यपदक मिळविले. केरळचे जिमी जॉर्ज ह्यांच्यासारखा खेळाडू आपल्याकडे निर्माण झाला व इटलीतील संघांनी त्याला बोलावून नेले. तेव्हा आपल्या मातीत गुण नाहीत असे म्हणता येणार नाही.

पाच मिनिटांचा धनी

सामना चालू असताना प्रशिक्षकाला करता येण्याजोगे किती थोडे असते हे नियम पाहिल्यावर ध्यानात येते. एका सेटमध्ये त्याला दोनदा विश्रांती मागता येते, प्रत्येकी ३० सेकंदांची. सामना पाच सेटपर्यंत लांबला तरी ही सगळी विश्रांती मिळून फक्त ५ मिनिटे होतात. बदली खेळाडू एका सेटमध्ये सहा वेळा पाठविता येतात. ह्याव्यतिरिक्त रेषेबाहेरून चार शब्द ओरडायचे. चेंडूला हात लावायचा नाही, रेघेच्या आत पाऊल टाकायचे नाही.

परीक्षेच्या दालनात शिक्षकाला जसे काही सांगता येत नाही, तसेच हे आहे. जे सांगायचे ते वर्षभर वर्गात सांगून झालेले असले पाहिजे. म्हणून प्रशिक्षकाचे खरे काम सामन्याआधी संपलेले असते. त्या पाच मिनिटांत तो नवीन काही शिकवीत नाही. शिकविलेल्याची आठवण करून देतो, एवढेच.

खेळाचे स्वरूपही ह्याला कारण आहे. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरून ठेवता येत नाही आणि एकाच खेळाडूला तो लागोपाठ दोनदा मारता येत नाही (जाळ्यावर अडविताना झालेला स्पर्श सोडून). तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे. पहिला खेळाडू सर्व्हिस झेलून पास देतो, दुसरा म्हणजे सेटर तो उंच उचलून देतो, तिसरा फटका मारतो. टाळ्या तिसऱ्याला मिळतात. परंतु पहिला पास वाकडा गेला तर सेटरला धावत जावे लागते, सेट खाली पडतो आणि फटका जाळ्यात जातो. ज्याला हा पहिल्या स्पर्शाचा हिशेब कळला त्याला प्रशिक्षकाचे काम कळले असे म्हणायला हरकत नाही.

एका विद्यार्थी-खेळाडूची वाटचाल

महाविद्यालयीन खेळाडू ते मुख्य प्रशिक्षक ही वाट संपूर्ण चाललेला आणि दोन्ही टोकांना ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविलेला माणूस म्हणून अमेरिकेचे कार्च किराय ह्यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९६० सालचा. वडील हंगेरीचे. १९५६ च्या उठावानंतर देश सोडून ते अमेरिकेत गेले. तिकडे ते व्हॉलीबॉल खेळलेले होते व मुलाला त्यांनीच हा खेळ शिकविला. अकराव्या वर्षी किराय वडिलांच्याच जोडीने समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत पहिली स्पर्धा खेळले.

पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. चार वर्षांत त्यांच्या संघाने १२३ सामने जिंकले व अवघे ५ गमावले. १९७९, १९८१ व १९८२ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. ह्याच काळात त्यांनी जीवरसायनशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी घेतली. ‘खेळणाऱ्याचे अभ्यासात लक्ष नसते’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्या विद्यापीठातील त्यांचे प्रशिक्षक अल स्केट्स ह्यांची हकिगत मला अधिक मोलाची वाटते. ते स्वतः त्याच विद्यापीठाच्या संघातून खेळले होते. १९६३ साली ते संघाचे प्रशिक्षक झाले आणि २०१२ पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या हाताखाली संघाने १९ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा प्रशिक्षक, पण कितीतरी वर्षे ते दिवसा एका प्राथमिक शाळेत व्यायामशिक्षकाची नोकरी करीत आणि त्यानंतर विद्यापीठाच्या मैदानावर जात. घर शाळेच्या पगारावर, मन मैदानावर. आपल्याकडील पुष्कळ क्रीडाशिक्षकांना ही हकिगत ओळखीची वाटेल.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी अमेरिकेचे प्रशिक्षक डग बील ह्यांनी, तेही महाविद्यालयीन खेळाडूच, एक नवीन पद्धत बसविली. तोपर्यंत सर्व्हिस झेलण्यासाठी चार-पाच जण मैदानभर पसरून उभे राहत. बील ह्यांनी ते काम फक्त दोघांवर सोपविले. त्या दोघांपैकी एक किराय होते. बाकीच्यांनी फटक्याची तयारी करायची, ह्या दोघांनी सगळे मैदान सांभाळायचे. संघातील सर्वोत्तम खेळाडूला पहिल्या स्पर्शाचे काम! अमेरिकेने ते सुवर्णपदक जिंकले, १९८८ साली सेऊललाही जिंकले. १९९६ मध्ये वाळूवरील व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथम आले तेव्हा त्यातही किराय सुवर्णपदक घेऊन गेले. पुढे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ पुरुष खेळाडू म्हणून इटलीच्या लोरेन्झो बर्नार्डी ह्यांच्यासह त्यांची निवड केली.

येथे एखाद्याला वाटेल की, अशा माणसाला थेट मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मिळाली असेल. तसे झाले नाही. खेळातून निवृत्त झाल्यावर २००९ मध्ये ते अमेरिकेच्या महिला संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक होते न्यूझीलंडचे ह्यू मॅककचन, वयाने किराय ह्यांच्याहून लहान व खेळाडू म्हणून त्यांच्याइतके नामांकित नसलेले. त्यांच्या हाताखाली किराय ह्यांनी जवळजवळ चार वर्षे काम केले. शतकातील सर्वश्रेष्ठ ठरलेला खेळाडू पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झाला, ही गोष्ट मला त्यांच्या सुवर्णपदकांहून मोठी वाटते.

२०१२ च्या अखेरीस ते मुख्य प्रशिक्षक झाले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या महिलांनी प्रथमच जागतिक विजेतेपद मिळविले. २०१६ ला रिओ येथे उपांत्य सामन्यात सर्बियाकडून पाच सेटमध्ये पराभव झाला व कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. साथीमुळे एक वर्ष लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, गटसामन्यांतच दोन मुख्य खेळाडू जखमी झाल्या. त्यांतली एक सेटर होती. रशियन संघाकडून सरळ तीन सेटमध्ये हार झाली. परंतु बाकावरच्या मुली तयार होत्या. त्यांनी जागा भरून काढली आणि अंतिम सामन्यात ब्राझीलला २५–२१, २५–२०, २५–१४ असे हरवून अमेरिकेच्या महिलांनी पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. सामन्याआधीच संपलेले काम ते हेच. २०२४ मध्ये पॅरिसला अंतिम सामन्यात इटलीकडून हार होऊन रौप्यपदक मिळाले. त्यानंतर २०२८ च्या ऑलिंपिकच्या दृष्टीने अमेरिकेच्या पुरुष संघाची जबाबदारी त्यांच्याकडे देण्यात आली.

खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी व्हॉलीबॉलमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळविण्याचा पहिला मान मात्र चीनच्या लँग पिंग ह्या स्त्रीचा आहे. १९८४ साली त्या खेळाडू होत्या, २०१६ साली मुख्य प्रशिक्षक. मधल्या काळात अमेरिकेत जाऊन त्या शिकल्या, तेथील विद्यापीठात सहायक म्हणून राबल्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तर त्या अमेरिकेच्या प्रशिक्षक म्हणून स्वदेशी आल्या व त्यांच्या संघाने रौप्यपदक मिळविले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण

दूरचे डोंगर साजरे असे कोणी म्हणेल, म्हणून जवळचे उदाहरण देते. ते व्हॉलीबॉलचे नाही, कबड्डीचे आहे. परंतु प्रश्न तोच आहे.

नाशिकच्या शैलजा जैन ह्या स्वतः कबड्डी खेळलेल्या. पुढे त्यांनी राज्याच्या क्रीडा खात्यात प्रशिक्षक म्हणून नोकरी केली व नाशिकमध्ये अनेक मुली घडविल्या. भारतीय संघाला शिकविण्याची त्यांची इच्छा होती, पण तसा योग आला नाही. निवृत्तीनंतर, इतर माणसे नातवंडांत रमतात त्या वयात, त्यांना इराणच्या महिला संघाकडून बोलावणे आले. भाषा वेगळी, अन्न वेगळे. त्या तर शाकाहारी. त्या फारसी भाषा शिकल्या. मुलींना त्यांनी योगासने व प्राणायामाची सवय लावली.

महिलांची कबड्डी आशियाई स्पर्धांत २०१० साली आली. २०१० व २०१४ ही दोन्ही सुवर्णपदके भारताची होती. २०१४ च्या अंतिम सामन्यात तर भारताने इराणलाच हरविले होते. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि इराणने २७–२४ असा विजय मिळविला. हरलेला देश प्रशिक्षिकेचा स्वतःचा होता.

त्या दिवशी आपल्याकडे अनेकांना वाईट वाटले. वाटणारच. पण ह्या निकालाकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहते. नाशिकच्या मैदानात मिळविलेली विद्या परदेशी मुलींच्या अंगी उतरू शकते, हे त्या तीन गुणांनी सिद्ध केले. विद्येला परका देश नसतो. उणीव राहिली ती आपण आपल्या माणसाला ओळखण्यात.

ही उणीव जुनीच आहे. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला १९८५ साल उजाडले. अर्जुनाच्या आधी द्रोण असतो हे आपल्याला महाभारताने शिकविलेले. तरी मध्ये चोवीस वर्षे गेली. पहिल्या वर्षीच्या द्रोणाचार्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत हे मराठी नाव होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

करणे आणि सांगणे

उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही. ह्याचे कारण काय असावे? माझ्या मते, खेळाडूचे ज्ञान अंगात असते आणि प्रशिक्षकाचे ज्ञान शब्दांत उतरावे लागते. आई भाकरी थापते तेव्हा पाणी किती घालायचे हे तिचा हात जाणतो. पण तेच मला शिकविताना तिला थांबून विचार करावा लागतो. खेळाडूला स्वतःचे एक शरीर समजले की पुरे. प्रशिक्षकाला सहा निरनिराळी शरीरे, सहा स्वभाव आणि बाकावर बसलेल्यांची नाराजी समजून घ्यावी लागते.

गेल्या वर्षापासून रविवारी सकाळी मी आमच्या भागातील शाळेच्या मैदानावर माझ्या धाकट्या बहिणीला व तिच्या मैत्रिणींना शिकविते. एकूण अकरा मुली आहेत. पास देताना दोन्ही हात जोडून कोपरे ताठ ठेवायची व चेंडू मनगटाच्या वरच्या भागावर घ्यायचा, असे पुस्तकात दिलेले असते. ते सांगितले की मुली हात काठीसारखे करतात व चेंडू भलतीकडे उडतो. त्यातील एक मुलगी आजीबरोबर धान्य पाखडते. तिला म्हटले, “सुपात दाणे झेलतेस ना, तसे खाली बसून झेल. सुपाला झटका द्यायचा नाही, गुडघ्यांनी उचलायचे.” तिचा पास त्याच दिवशी सुधारला. दुसरीला सुपाचा उपयोग झाला नाही. तिने कधी सूप हातात धरलेले नव्हते. तिला बाळाला उचलून घेण्याचे उदाहरण लागू पडले. ह्यावरून मी एवढे शिकले की, शिकविणाऱ्याला खेळाइतकेच समोरच्या मुलीचे घर माहीत असावे लागते.

आणि प्रशिक्षकाने किती कठोर असावे? १९६४ साली जपानच्या महिलांना सुवर्णपदक मिळवून देणारे हिरोबुमी दाइमात्सु ह्यांचे नाव ह्या बाबतीत नेहमी घेतले जाते. तेही महाविद्यालयात व्हॉलीबॉल खेळलेले. त्यांच्या संघातील बहुतेक मुली एका सूतगिरणी कंपनीत काम करीत आणि काम संपल्यावर मध्यरात्रीपर्यंत सराव करीत. चेंडूसाठी झेपावून जमिनीवर कोलांटी घेत उठण्याची रीत त्यांनी बसविली. निकाल डोळे दिपविणारा होता, ह्यात शंका नाही. तथापि आपल्याकडे मुली दोन लोकल बदलून सरावाला येतात व घरी जाऊन पोळ्या लाटतात. त्यांना मध्यरात्रीपर्यंत थांबवणे म्हणजे खेळ कायमचा सोडायला लावणे होय. पद्धत उसनी घेता येते, परिस्थिती उसनी घेता येत नाही.

पोटापाण्याचा विचार

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळते. प्रशिक्षक व्हायचे तर वाटा कोणत्या? पदवीनंतर दोन वर्षांचा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केल्यास शाळेत क्रीडाशिक्षक होता येते. पतियाळा येथे १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. तेथे प्रशिक्षकाची पदविका मिळते व सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही असतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. मात्र त्यासाठी ठरलेल्या स्पर्धांतील यश लागते. अलीकडे व्यावसायिक व्हॉलीबॉल साखळी सुरू झाली असून २०२३ पासून तीत मुंबईचाही संघ उतरला.

ह्या वाटा रुंद आहेत असे मी म्हणणार नाही. जागा थोड्या आणि इच्छुक फार. परंतु अल स्केट्स ह्यांनी प्राथमिक शाळेची नोकरी सांभाळून अर्धशतक संघ घडविला, हे वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पगार एकीकडून आणि काम दोन ठिकाणी. ते आपल्याला नवीन नाही.” पदवीनंतर हा अभ्यासक्रम करायचा असे मी ठरविले आहे व त्यांनी नकार दिलेला नाही.

शेवटी काही सूचना

गुरुजनांपुढे व मित्रमैत्रिणींपुढे तीन लहान सूचना ठेवते. पहिली, संघातून बाहेर पडणाऱ्या तृतीय वर्षाच्या खेळाडूंनी पुढच्या वर्षी आठवड्यातून एक दिवस तरी नव्या मुलांना शिकवावे. खेळ संपतो तेथे त्यांचे ज्ञान संपू नये. दुसरी, प्रत्येक सामन्याची एक वही ठेवावी. कोणाचा पास कोठे गेला, कोणती सर्व्हिस चुकली, हे लिहावे. ह्याला पैसा लागत नाही, पेन्सिल लागते. तिसरी, वार्षिक क्रीडामहोत्सवात पारितोषिके देताना ज्याने शिकविले त्याचेही नाव पुकारावे.

किराय ह्यांचा संघ, स्केट्स ह्यांचा संघ, शैलजा जैन ह्यांचा संघ, असे आपण सहज बोलून जातो. गुणफलकावर मात्र त्यांचे नाव नसते. तिथे नाव असते ते संघाचे. दुसऱ्याच्या हातून घडलेल्या गोष्टीत आपला आनंद मानणे ही प्रशिक्षकाची पहिली पात्रता आहे, आणि ती कोणत्याही पदविकेत मिळत नाही. बाकीचे सारे शिकता येते. आपल्या भागातील मैदाने उरली आहेत तोवर ते शिकून घ्यावे, एवढेच मला म्हणायचे आहे.